दांडीसाठी रजा मिळणेबाबत

बंद अवस्था: वीस इंच

वसतिगृहाकडून आलेलं पत्रक चार पानांचं होतं. त्यात बायकोच्या प्रशिक्षणाबद्दल अर्धा परिच्छेद होता. उरलेली साडेतीन पानं काय काय करू नये याबद्दल होती. 'खोलीत कपाट मिळणार नाही. भिंतीला खिळे ठोकू नयेत. खिडकीच्या गजांना कपडे लटकवू नयेत. पलंगाला कपडे लटकवू नयेत.' आणि त्याच्या लगेच खाली, वरचं सगळं दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं असावं अशा निरागसपणे: 'प्रशिक्षणार्थींनी रोज इस्त्रीचा, सुरकुती नसलेला पांढरा कोट घालून हजर राहावे.'

बायको हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. प्रशिक्षण अकरा महिन्यांचं, दुसऱ्या शहरात, आणि त्यानंतर बढती. तिच्याकडे पांढरे कोट सहा.

"अहो, चाकांची एक मोठी बॅग घेऊ या," ती म्हणाली. "कोट घडी घालून नेईन. तिकडे इस्त्री करीन."

इतका मोठा प्रश्न इतक्या सहज सुटलेला मला बघवला नाही.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आम्ही सलग चार दिवसांच्या वर लांब राहिलेलो नाही, आणि त्या चार दिवसांतही गॅसचा कुठला नॉब कुठल्या शेगडीचा याचा मला उलगडा झाला नव्हता. अकरा महिने म्हणजे किती, हा विचार मी करतच नव्हतो. मी ट्रंकेचा विचार करत होतो.

आमच्या ऑफिसच्या भांडारखोलीत एक जुनी ट्रंक आहे. आडवी नाही, उभी. कपाटासारखी दार उघडते. तिच्यात जुन्या फायली कोंबलेल्या असतात आणि वरच्या बाजूला एक पितळी नळी असते, जिला मी एकवीस वर्षं ट्रंकेचा मोडलेला भाग समजत होतो. गेल्या महिन्यात एक फाईल काढताना शर्टाची बाही तिच्यात अडकली. मी हात ओढला. नळी बाहेर आली. आणखी ओढला. आणखी आली. नळीच्या पोटात नळी होती! कपडे हँगरला लावायचे, दांडीवर टांगायचे, दांडी आत ढकलायची, दार लावायचं, प्रवासाला निघायचं. उतरल्यावर दार उघडून दांडी ओढली की कपडे हातभर बाहेर येऊन उभे. एकवीस वर्षं मी त्या ट्रंकेला टेकून चहा प्यायलो होतो आणि एकदाही ओढून बघितलं नव्हतं. माणूस शेजारच्या वस्तूला किती कमी ओळखतो, या विचारात मी तिथे एवढा वेळ उभा राहिलो की शिपायाने बाहेरून कुलूप लावलं.

ती ट्रंक विकत मागणं शक्य नव्हतं, कारण ती नोंदवहीत 'लाकडी बाक, एक' म्हणून चढली आहे. पण आमच्या पलंगाखाली आमची स्वतःची ट्रंक होती. ती उभी केली, तिची खोली मोजली. वीस इंच. फक्त दांडी हवी होती.

पहिला खटका: चोवीस इंच

"दांडी हवी," मी हार्डवेअरवाल्याला म्हणालो.

"कसली? पडद्याची, झाडूची, कुदळीची?"

"आतबाहेर होणारी."

"म्हणजे बिघडलेली?"

मी त्याला समजावलं. त्याने मन लावून ऐकलं आणि ड्रॉवरचे चॅनेल, सायकलचा पंप आणि माशा मारायची जाळी अशा तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. या तिन्ही आतबाहेर होतात हे मी मान्य केलं. पण पंपावर कोट टांगायचा कसा?

घरी आलो तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्राफ्ट्समन ट्रंकेपुढे उकिडवे बसलेले. सगळी इमारत त्यांना मिलिमीटर म्हणते. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं. जिन्यावरून जाताना दार उघडं दिसलं, एवढं कारण त्यांना पुरतं.

"मालक, ही ट्रंक पडणार," ते म्हणाले.

"अजून दांडी लावलेलीच नाही, काका."

"म्हणून तर आत्ता सांगतोय. दांडी पुढे आली, कोट पुढे आले, की भार पुढे आला. किती पुढे आणणार?"

"सोळा इंच."

त्यांनी डोळे मिटले. इंच ऐकले की त्यांना त्रास होतो. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी वसतिगृहाच्या पत्रकामागे तीन चित्रं काढली: ट्रंक समोरून, ट्रंक बाजूने आणि ट्रंक पडल्यावर. तिसरं सर्वांत सुबक होतं.

"तळाला वजन ठेवा. दोन विटा. कच्च्या नाही, चांगल्या भाजलेल्या."

"बाई माणूस प्रवासाला विटा घेऊन जाणार?" आई खुर्चीतून म्हणाली.

"तोलासाठी, वहिनी."

"तोल तिचा ठीक आहे. याचा बघा."

आईकडे मी बघितलं ते रागाने, पण नजर अडकली तिच्या काठीवर. ॲल्युमिनियमची काठी. नळीत नळी. आतल्या नळीला एक गोल खटका, बाहेरच्या नळीला ओळीने भोकं. अंगठ्याने खटका दाबायचा, नळी ओढायची, पुढच्या भोकात खटका टक्कन बसतो.

"माझ्या काठीकडे बघू नकोस," आई म्हणाली.

"बघत नाहीये."

"मघापासून बघतोयस. तुझे वडील असेच माझ्या शिलाई मशीनकडे बघायचे. पुढे त्याचा पंखा झाला."

दुसरा खटका: तीस इंच

नवी काठी आणायला मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथला संवाद जसा झाला तसा देतो, कारण त्याचे पडसाद पुढे आठवडाभर उमटले.

"पेशंटचं वजन?" दुकानदाराने विचारलं.

सहा कोट आणि हँगर मी सकाळीच तोलले होते. "साडेचार किलो."

तो थांबला. "उंची?"

"बंद केल्यावर वीस इंच. पूर्ण बाहेर काढल्यावर छत्तीस."

"काका," तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "घरी सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. फक्त मूठ कापून टाकावी लागेल."

त्याने पुढे काही विचारलं नाही. काठी मात्र मनापासून दाखवली. "हा खटका बघा. एकदा बसला आणि वर भार आला, की हत्ती चढला तरी आत जाणार नाही. कंपनीची गॅरंटी आहे. खालचा रबरी बूट कसल्याही फरशीवर सरकत नाही."

मला केवढा आनंद झाला! आत जाणार नाही! त्या वाक्याचा दुसरा अर्थ तेव्हा माझ्या ध्यानातही आला नाही.

संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन बातम्या होत्या. एक, आईचा पाय मोडला. दोन, तो माझा मोडला. आईने पहिली बातमी खोडून काढली नाही. शेजारणी एकेक करून भेटायला आल्या आणि ती उशीला टेकून, "चालायचंच आता," असं म्हणत त्यांनी आणलेली संत्री स्वीकारत राहिली.

मूठ कापायची, बाहेरच्या नळीला दोन पट्ट्या लावायच्या आणि हाताने फिरवायच्या दोन नटांनी ती ट्रंकेच्या आत, वरच्या बाजूला आवळायची, एवढंच काम होतं. एका दिवसाचं. त्यासाठी रजा. अर्ज मी तयार केला. मी आवक विभागात आहे, म्हणजे आलेल्या अर्जांतल्या चुका काढून ते परत पाठवणं हे माझं काम. तेव्हा विषय संक्षिप्त आणि मुद्द्याला धरून असावा हे मला कुणी शिकवायला नको.

*विषय: दांडीसाठी एक दिवसाची रजा मिळणेबाबत.*

अर्ज दुपारी परत आला. साहेबांचा शेरा लाल शाईत:

*रजा की दांडी? दोन्ही एकाच दिवशी देता येत नाहीत. खुलासा करावा.*

मी खुलासा केला.

*उपरोक्त दांडी ही मारावयाची नसून बसवावयाची आहे.*

त्यावर:

*कुठे? कार्यालयात की घरी? कार्यालयात असल्यास बांधकाम विभागाची परवानगी जोडावी.*

मी जोडपत्र दिलं: दांडी ट्रंकेत, ट्रंक घरी, उद्देश कपडे टांगणे. साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब वाईट नाहीत. फक्त कुठलाही शब्द त्यांना एकाच अर्थाने चालतो.

"एकवीस वर्षांत तुम्ही एकदाही दांडी मारलेली नाही," ते म्हणाले.

"नाही साहेब."

"मग आत्ताच का लेखी मागताय?"

"साहेब, मिसेस अकरा महिन्यांसाठी बाहेरगावी चालल्या आहेत."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मला वाटलं, समजलं यांना. मग त्यांनी चष्मा घातला. "ते अर्जात नाही," ते म्हणाले.

रजा नामंजूर झाली. दांडी मी रविवारी बसवली.

बायको हात पुसत बाहेर आली. ट्रंक उभी होती, दार उघडं होतं, तळाशी चांगल्या भाजलेल्या दोन विटा होत्या. मी बाजूला झालो. तिने खटका दाबला, दांडी ओढली. टक्. टक्. टक्. मग पुन्हा दाबून आत ढकलली. पुन्हा ओढली. काचेखालचा थेंब बघावा तशी ती नळीच्या पोटात डोकावली. मग घरी होता तो एक कोट आणून टांगला आणि त्याची बाही सरळ केली.

"हं," ती म्हणाली.

मिलिमीटर जिन्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला ऐकू आलं ते फक्त "हं." तिच्याबरोबर अकरा महिने माझ्या हातची एक वस्तू राहणार होती, आणि तिने तिला नाही म्हटलं नव्हतं.

बाकीचे पाच कोट इस्त्रीला गेले होते. म्हणजे सहा कोटांची चाचणी झाली नाही. ही नोंद मी नंतर केली.

तिसरा खटका: छत्तीस इंच

गाडी अकरा दहाची. दहाला आम्ही स्टेशनवरच्या सामान कार्यालयात. ट्रंक हमालाने आणली होती आणि खाली ठेवताना तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं होतं.

"आत काय?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"कपडे."

त्याने ट्रंक काट्यावर घेतली. "कपडे ओले आहेत?"

"तळाला दोन विटा आहेत," बायको म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते जमूही नये.

"विटा बांधकाम साहित्यात येतात. तो फॉर्म वेगळा, खिडकी तीन."

"विटा काढतो," मी म्हणालो आणि काढल्या. इथे मिलिमीटर असते तर त्यांनी डोळे मिटले असते.

"उघडा. आणि हे काय?"

खरं सांगतो, त्याने ते ज्या स्वरात विचारलं त्यात संशय कमी आणि कुतूहल जास्त होतं. एकवीस वर्षं खिडकीच्या आत बसणाऱ्या माणसाला खिडकीच्या आत बसणारा माणूस कळतो. मी त्याला दाखवायचं ठरवलं. खटका दाबला आणि सहाच्या सहा कोट दिमाखात बाहेर ओढले. टक्. टक्. टक्. ट्रंक पुढे कलली. बायकोने ट्रंकेच्या डोक्यावर दोन्ही हात दाबून धरले.

"वा," कारकून म्हणाला. बाहेर आला. टेप लावून मोजलं. "वीस अधिक सोळा. छत्तीस. छत्तीस इंच खोलीची वस्तू सामानात बसत नाही. फर्निचरमध्ये जाईल."

"पण ही आत जाते."

"घाला आत."

मी खटका दाबला. तो दबला नाही. मी दोन्ही अंगठ्यांनी दाबला. कारकुनाने दाबला. हमालाने, "सरका साहेब," म्हणत दाबला. सहा कोटांचा भार होता, हत्तीचा नव्हता, पण गॅरंटी गॅरंटी असते.

"कोट काढा, भार कमी होईल," बायको म्हणाली. तिचे हात ट्रंकेवर होते, माझे आणि कारकुनाचे खटक्यावर. आम्ही चारही बाजूंनी अडकलो असताना मागची रांग पुढे सरकत आली. रांगेतल्या एका गृहस्थाने छत्री आमच्या दांडीला अडकवली. रांगेसाठी केलेली सोय असेल, असं त्याला वाटलं. त्याच्या मागच्या बाईंनी पिशवी लावली. तिसऱ्याने पांढरे कोट बघून मला विचारलं, "एका नगाचे किती घेता? कॉलरला स्टार्च करता का?"

"आम्ही लाँड्रीवाले नाही!" मी ओरडलो.

"मग डॉक्टर आहात का? माझा हा खांदा बघता जरा?"

माझ्या आयुष्यात माझ्या अब्रूचे कपडे अनेकदा टांगले गेले आहेत, पण इस्त्री करून, हँगरला लावून, भर स्टेशनात, ते पहिल्यांदाच.

पावणेअकरा वाजले. सगळ्यांचं सगळं उतरवलं, कोट काढले. तरी खटका बाहेरच. मधे कुठेतरी नळी वाकून चेपली होती. कारकुनाने घड्याळ बघितलं, मग बायकोकडे बघितलं. "बाई, फर्निचरच्या फॉर्मला साहेबांची सही लागते. साहेब बाराला येतात."

बायकोने पर्स उघडली, तळातून हातरुमालाएवढी एक घडी काढली आणि झटकली. घडीची बॅग झाली. चांगली मोठी, चेन असलेली. तिने कोट एकेक करून त्यात घातले, घडी घालून, शांतपणे, माझ्याकडे न बघता.

"ही कधीपासून आहे?" मी विचारलं.

"आहे."

"रविवारपासून?"

"त्याच्या आधीपासून."

ट्रंक उघड्या दाराने माझ्याकडे बघत होती. विटा खिडकीशेजारी नीट रचून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "चल, उशीर होईल."

ती उठली. बॅग खांद्याला लावली. दोन पावलं गेली. परत आली. ट्रंकेत हात घालून तिने दोन्ही नट फिरवले आणि ती छत्तीस इंची, न आत जाणारी, न बाहेर येणारी दांडी सुटी करून काखेत मारली.

"अगं, ती बिघडली आहे."

"माहितीये."

"कुठे लावणार? खिळे ठोकायचे नाहीत."

"बघते," ती म्हणाली. गाडीत चढताना दांडीचं टोक आधी दारातून गेलं आणि मग ती.

आत

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. आईने आधी वाचलं आणि मग मला दिलं.

*खोली ठीक आहे. खोलीत कपाट आहे, पत्रक जुनं होतं. कोट घडी करून आणले, इथे इस्त्री केली. दाराची कडी मात्र ढिली आहे, आतून बसत नाही. पहिल्या रात्री झोप लागली नाही. मग तुमची दांडी आठवली. रबरी बूट फरशीवर आणि दुसरं टोक दाराच्या मुठीखाली, तिरकं. मैत्रिणींनी बाहेरून ढकलून बघितलं. तिघी होत्या, एक चांगली दणकट आहे. दार हललं नाही. आत न जाण्याचं एवढं चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही. झोप चांगली लागते. मैत्रिणींना आणखी तीन हव्या आहेत. मूठ कापली तशीच कापा. गॅसचा डावा नॉब मागच्या शेगडीचा आहे. आईंच्या पायाला आता कसं आहे? वरच्या मजल्यावरून पत्र आलं होतं, आकृतीसकट.*

मी ते चारदा वाचलं. मग औषधांच्या दुकानात गेलो.

"तीन काठ्या द्या," मी म्हणालो.

दुकानदाराने तीन काठ्या काउंटरवर मांडल्या. "पेशंट वाढले?"

"चौघी आहेत," मी म्हणालो. "सगळ्या ठणठणीत."

शनिवारी सकाळी मी तीन दांड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि ऑफिसच्या वाटेला न लागता स्टेशनच्या वाटेला लागलो. अर्ज लिहिला नाही. विषय काय लिहावा ते सुचत नव्हतं असं नाही. पण मग खुलासा आला असता, जोडपत्र आलं असतं, आणि जे लिहायला हवं होतं ते त्यात पुन्हा नसतंच.

सोमवारी हजेरीपट उघडला. शनिवारच्या रकान्यात, माझ्या नावापुढे, लाल शाईत साहेबांचा एकच शब्द होता.

*दांडी.*

"खुलासा?" साहेबांनी विचारलं.

मी तो शब्द पुन्हा एकदा वाचला. माझं कामच ते. एकवीस वर्षांत साहेबांचा एकही शेरा मी चूक न काढता सोडला नव्हता.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "बरोबर आहे."